भोंगा नसलेली पाळी

आज आपण एका जुन्या पुस्तकाकडे परत जाऊ. आर्ली होकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंचं 'द सेकंड शिफ्ट', म्हणजे 'दुसरी पाळी', १९८९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालं. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, नवराबायको दोघंही नोकरी करणाऱ्या घरांमध्ये त्यांनी मुलाखती घेतल्या, काही घरांत जाऊन बसल्या, पाहिलं. बाई पगाराची पाळी संपवून घरी येते आणि तिची दुसरी पाळी सुरू होते, असं त्यांना दिसलं. आधीच्या अभ्यासांवरून त्यांनी हिशेब मांडला: बाईच्या वाट्याला वर्षाकाठी चोवीस तासांच्या दिवसांचा एक अख्खा महिना जास्त काम येतं.

पुस्तक मोठंच आहे, यात शंका नाही. पण आमची तक्रार त्याच्या नावाबद्दल आहे.

पाळी म्हणजे काय? मुंबईच्या गिरण्यांत भोंगा झाला की पाळी संपे. साच्यावर दुसरा माणूस उभा राही आणि पहिला मोकळा होई. घरातल्या कामाला असा भोंगा कुठे असतो? आणि गंमत बघा, लेखिकेला हा शब्द ज्या बाईच्या बोलण्यातून सापडला, त्या बाईला संसाराला 'पाळी' म्हणणंच मान्य नव्हतं. लेखिका हे प्रामाणिकपणे नोंदवते आणि पुढे जाते. आमच्या मते तिथे थांबायला हवं होतं.

कारण याच पुस्तकातली नॅन्सी आणि इव्हान यांची गोष्ट वेगळंच सांगते. कामाच्या वाटणीवरून त्यांची इतकी भांडणं झाली की घटस्फोटाचा विचार डोकावला. शेवटी तोड निघाली: वरचा मजला नॅन्सीचा, खालचा इव्हानचा. वरच्या मजल्यात स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या, जवळजवळ सगळं घर. खालच्यात गॅरेज, आणि कुत्रा. दोघंही याला समान वाटणी म्हणू लागली! सार्त्र आत्मवंचनेबद्दल लिहितो, ती एकट्याची असते. इथे दोघांनी मिळून केलेली आहे, म्हणून ती जास्त टिकाऊ. भांडण थांबलं, पण मूल रात्री उशिरापर्यंत झोपेना आणि नॅन्सीच्या संध्याकाळी त्यातच जाऊ लागल्या. तासांचा हिशेब इथे अपुरा पडतो. मनावरचा भार तासांत नव्हता, तो या शांततेच्या किमतीत होता.

आपल्याकडेही २०१९ साली सरकारने देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. त्यातही असं काम करणारे पुरुष मुळात चारांत एक. आकडे बोलके आहेत. पण कुकरसमोर उभं राहिलेली मिनिटं मोजता येतात. बसमध्ये उभ्याने 'उद्या डब्याला काय' याचा विचार केलेली मिनिटं कुठे मोजणार?

आता थोडं आमच्या घरातलं. आम्ही कॉलेजात, आमची पत्नी शाळेत. आम्ही स्वतःला पुढारलेले समजत असू. 'काय आणायचं ते सांग, आणतो,' असं रोज म्हणत असू. यादी ती करायची, पिशवी आम्ही उचलायची. याला आम्ही 'मदत' म्हणत होतो. मदत म्हटलं की काम मुळात दुसऱ्याचं, हे त्या शब्दातच आलं. आणि यादी करणं हेच खरं काम होतं, हे आमच्या ध्यानातच आलं नाही. ती रात्री दोनला उठून बसायची. गॅसचा नंबर लावायचा राहिला, मुलाच्या सहामाहीची फी राहिली, तिच्या आईचा डॉक्टर राहिला. आम्ही कूस बदलून म्हणायचो, 'इतका विचार करू नकोस.' विचार करण्याचाच पगार घेणारा माणूस हे म्हणत होता! पुढे तिला झोपेच्या गोळ्या लागल्या. डॉक्टरांनी कामाचा ताण म्हटलं. कोणत्या कामाचा, हे ना त्यांनी विचारलं, ना आम्ही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. दुसरी पाळी वाटून घ्या, हे पुस्तक सांगतं आणि ते बरोबरच आहे. पण हात वाटून भागत नाही, आठवण वाटून घ्यावी लागते. 'काय आणू?' हा प्रश्न ज्या घरात एकालाच पडतो, त्या घरात दुसरं माणूस अजून कामावर आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.