सदतीस अक्षरांची ओळ

एलएल-३७ हे आपल्या पांढऱ्या पेशींतलं, कातडीतलं, श्वासमार्गाच्या अस्तरातलं जिवाणूनाशक प्रथिन. लांबी अवघी ३७ अमिनो आम्लांची, म्हणून ते अक्षरन् अक्षर वाचता येतं. आरंभी दोन ल्यूसिन. नावातले दोन 'एल' तेच. पुढे मात्र पहिल्या वाचनात काही हाती लागत नाही. लायसिन, सेरीन, लायसिन, ग्लुटामिक आम्ल, पुन्हा लायसिन. धन, ऋण, तेलकट, सगळी सरमिसळ. शुद्ध पाण्यात हे प्रथिन तसंच विस्कटलेलं पडून असतं.

जिवाणूच्या पटलाशी आलं की त्याला मळसूत्री पीळ पडतो आणि ओळीचा छंद तेव्हा कळतो. पिळाचा एक वेढा साधारण ३.६ अमिनो आम्लांचा. आता पाणी टाळणारी अक्षरं मोजा: १३वं, १७वं, २०वं, २१वं, २४वं, २७वं, २८वं, ३१वं. दर तीन-चार घरांनी एक! म्हणजे पीळ पडताच ती सगळी एका कुशीला येतात, धनभारित लायसिन-आर्जिनिन दुसऱ्या. धनभार ११, ऋणभार ५, शिल्लक अधिक ६. जिवाणूचं पटल बाहेरून ऋणभारित. धन बाजू त्याला चिकटते, तेलकट बाजू आत घुसून ते फाडते. आपल्या पेशींची बाहेरची बाजू बहुतांशी भाररहित, म्हणून त्या बचावतात. (मात्रा वाढली तर त्यांचीही धडगत नाही.)

नवव्या जागी मात्र तेलकट बाजूच्या ऐन मध्यात पाण्याशी सलगी करणारं सेरीन बसलंय. एवढ्या नेटक्या रचनेत हा यतिभंग मला फार आवडतो.

हे प्रथिन घडवणारं 'कॅम्प' जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे, आणि त्याची रचना तर कसलेल्या कथेकऱ्याची. चार एक्झॉन, म्हणजे प्रथिनाची ओळ लिहिलेले तुकडे. पहिल्या तिन्हींत अस्त्राचा पत्ता नाही. पेशीबाहेर जाण्याचा संकेत आणि कॅथेलिन नावाचा लांबलचक भाग, एवढंच. मारक ओळ येते चौथ्यात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी हे सारं जोडलेलंच साठवतात. बाहेर पडल्यावर प्रोटिनेज-३ हे विकर त्याला काप देतं. १९९५ साली स्टॉकहोमच्या संशोधकांनी काप कुठे पडेल याचा अंदाज बांधून नाव दिलं एफएएलएल-३९. प्रत्यक्षात काप दोन अक्षरं पुढे निघाला. दाद द्यावी ती शरीराच्या संपादनाला.

गायी-डुकरांकडे अशी कॅथेलिनला जोडलेली प्रथिनं, म्हणजे कॅथेलिसिडिनं, अनेक; माणसाकडे हे एकच. ते जागं करणारी एक कळ ड जीवनसत्त्वाच्या हाती आहे, आणि ती जनुकाशेजारी आली 'अलू' नावाच्या उडत्या डीएनए-तुकड्यातून. उंदराच्या जनुकापाशी ती नाही. क्षयजंतूंविरुद्ध मानवी मॅक्रोफेज पेशी हीच कळ वापरतात, हे २००६ साली दिसून आलं.

ही ओळ नसली तर काय होतं, ते न्यूट्रोफिल मुळातच फार कमी असणाऱ्या कोस्टमनच्या आजारात दिसतं. उपचारांनी त्यांची संख्या भरून येते, पण त्यांत ही ओळ जवळजवळ नसते. हिरड्यांचा विकार मग चालूच राहतो.