अर्ध्या वाटेचे मोजमाप

इमारतीत शिरलेला माणूस नेमका कुठे आहे, हे उपग्रहाला सांगता येत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांचे संकेत मुळातच क्षीण, त्यात काँक्रीटच्या छतांनी ते आणखी अडतात. शिवाय नकाशावरच्या ठिपक्यात तळमजला आणि पाचवा मजला एकच!

यावर शांघायमध्ये अलिबाबा कंपनीने योजलेल्या उपायाचा वृत्तांत २०२१ मध्ये एका शोधनिबंधात प्रसिद्ध झाला. जानेवारी २०१८ ते एप्रिल २०२० या काळात १२,१०९ दुकानांत ब्लूटूथचे छोटे प्रक्षेपक बसवले होते. खाद्यपदार्थ घरपोच नेणाऱ्या १,०९,३७८ जणांचे स्मार्टफोन त्यांचे संकेत टिपत. संकेत मिळू लागला की माणूस पोहोचला, थांबला की निघाला, असे ढोबळमानाने हे अनुमान. यंत्रणा कशी उभारली याबरोबरच ती निवृत्त कशी झाली, हेही निबंधकारांनी लिहिले आहे. असा प्रांजळपणा विरळा, आणि त्याचे आम्हांला कौतुक वाटते.

परंतु संकेताची तीव्रता म्हणजे अंतर नव्हे. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या, पाणी त्या शोषते आणि आपल्या शरीरात पाणीच अधिक. वर्गात करून पाहावे. एका फोनचा हॉटस्पॉट चालू करा, तीव्रता दाखवणारे अॅप असलेला दुसरा फोन छातीशी धरून दहा पावलांवर उभे राहा आणि जागच्या जागी पाठ फिरवा. अंतर तेवढेच, आकडा मात्र बहुधा घसरतो. तेव्हा ‘संकेत मिळाला नाही’ याचा अर्थ ‘माणूस आला नाही’ असा लावणे धोक्याचे. मोजणाऱ्याच्या दृष्टीने ही किरकोळ त्रुटी असेल. उशिराबद्दल ज्याचे पैसे कापले जातात त्याच्या दृष्टीने नाही.

आमचा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. प्रक्षेपक होते ते दुकानांत. ग्राहकाच्या इमारतीतली लिफ्टची रांग, जिना, न सापडणारे दार यांची नोंद कोण घेणार? सप्टेंबर २०२० मध्ये ‘रेनवू’ या चिनी मासिकाने या कामगारांवर दीर्घ लेख छापला. लिफ्टपुढे ताटकळण्यात जाणारा वेळ ही त्यातली एक ठळक तक्रार होती. दुकानदार कंपनीशी जोडलेला, म्हणून तिथे उपकरण बसवणे सोपे. पण सोपे होते तेवढेच मोजले गेले, आणि निबंध त्यालाच ‘इमारतीतील स्थिती’ म्हणतो.