तार, अंक आणि नाद : आभासी मॉड्युलर सिंथेसायझर आणि नवशिक्याची रचना

कोणतेही वाद्य प्रथम हाती घेणाऱ्याच्या हातून, बेसूर का होईना, नाद निघतोच. आणि तो पहिला नादच त्याला पुढे ओढून नेतो. मॉड्युलर सिंथेसायझरच्या बाबतीत हा अनुभव येत नाही. तेथे वाद्य असे नसतेच. सुटे घटक असतात. कंपने निर्माण करणारा ऑसिलेटर, त्या कंपनांतील काही अंश गाळून टाकणारा फिल्टर, नादाच्या उदय-स्थिती-विलयाला आकार देणारा एन्व्हलप, नादाचे बळ कमीअधिक करणारा अँप्लिफायर हे सारे शेजारीशेजारी मांडून ठेवले तरी काहीही ऐकू येत नाही. एकाच्या मुखातून निघालेली तार दुसऱ्याच्या मुखात शिरली म्हणजेच नाद संभवतो. अशा तारांच्या जुळणीला ‘पॅच’ म्हणतात. पॅच हे एकाच वेळी वाद्यही असते आणि बव्हंशी रचनाही असते. समीक्षेच्या दृष्टीने या प्रकाराचे सारे आकर्षण आणि सारी अडचण या दुहेरीपणात साठवलेली आहे.

हे घटक संगणकाच्या पडद्यावर उभे करणाऱ्या प्रणालींपैकी ‘व्हीसीव्ही रॅक’ ही आज नवशिक्यांना विशेष जवळची वाटते. अँड्र्यू बेल्ट यांनी ती 2017 मध्ये प्रसिद्ध केली. तिची मूळ आवृत्ती विनामूल्य असून तिच्यासाठी अनेकांनी सिद्ध केलेली मॉड्यूले हजारोंच्या संख्येने उपलब्ध आहेत. जर्मनीतील डीटर डॉप्फर यांनी 1990 नंतरच्या दशकात जी ‘युरोरॅक’ पद्धत रूढ केली, तिच्यातील पट्ट्यांची उंची, मुठी, दिवे आणि तारा यांचे चित्र येथे जसेच्या तसे पडद्यावर उतरले आहे. दोन घटकांमध्ये जोडलेली तार चक्क खाली झोळ घेते! ज्या तारेला वजन नाही तिने लोंबावे कशासाठी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. आणि ‘ही केवळ नक्कल आहे, खऱ्या यंत्राची सावली आहे’ हा आक्षेप त्यातूनच उद्भवतो.

इतिहास पाहू जाता हा आक्षेप फारसा टिकत नाही. न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी 1957 मध्ये संगणकाकडून संगीत वाजविणारी आज्ञावली रचली आणि 1960 च्या सुमारास तिच्या तिसऱ्या आवृत्तीत परस्परांना जोडता येतील अशा लहान लहान नादघटकांची कल्पना आणली. रॉबर्ट मूग यांनी हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्याने न्यूयॉर्क राज्यात, आणि डॉन बुक्ला यांनी मॉर्टन सबॉटनिक व रॅमॉन सेंडर यांच्या प्रेरणेने सॅन फ्रान्सिस्कोत आपापली यंत्रे उभारली ती त्यानंतर, 1963 ते 1965 च्या दरम्यान. सुट्या घटकांच्या जुळणीतून नाद घडविण्याची कल्पना संगणकाला लाकडी पेटाऱ्याकडून उसनी घ्यावी लागली नाही. उसने घेतले ते फक्त चित्र.

पण चित्राबरोबर भाषाही आली, आणि तिचा विचार अधिक सूक्ष्मपणे करावयास हवा. रॅकमध्ये प्रत्येक मूल्य ‘व्होल्ट’मध्ये सांगितले जाते. एक व्होल्ट वाढला की स्वर एका सप्तकाने चढतो. शून्य व्होल्ट म्हणजे सेकंदाला सुमारे 261.6 कंपनांचा स्वर. वस्तुतः तेथे विद्युत्-दाब नाहीच. आहेत ते केवळ अंक, आणि ते एका तारेतून पुढे जाताना एका नमुन्याइतका, म्हणजे सेकंदाच्या काही लक्षांश भागाइतका, विलंब लागतो. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर ही लक्षणा आहे : मुख्यार्थाचा बाध झालेला आहे, मुख्यार्थाशी संबंध मात्र शिल्लक आहे. प्रश्न एवढाच उरतो, की ही लक्षणा रूढीमूलक आहे की प्रयोजनमूलक?

जुन्या यंत्रांवर हात बसलेल्यांच्या बाबतीत ती रूढी आहे, हे मान्य करावयास हरकत नाही. नवशिक्याच्या बाबतीत मात्र तिला प्रयोजन आहे. सारेच ‘व्होल्ट’ असल्यामुळे कोणत्याही घटकाचे फलित कोणत्याही घटकाला देता येते. ज्याने स्वर हलतो ते कंपन आणि जो स्वर ऐकू येतो ते कंपन यांच्यात जातिभेद राहत नाही. सेकंदाला पाच वेळा झुलणारे कंपन ऑसिलेटरच्या स्वरनियंत्रणाला जोडले तर स्वर आंदोलित होतो. तीच मूठ फिरवीत ते कंपन तीस, पन्नास, शंभरांवर नेले तर आंदोलन कानाला वेगळे जाणवेनासे होते आणि त्याच्या जागी एक नवाच, घंटेसारखा किंवा धातूसारखा, नादगुण प्रकट होतो. स्टॅनफर्ड येथे 1967 मध्ये जॉन चाउनिंग यांना नेमका हाच शोध लागला होता, आणि तोही संगणकावर आंदोलनाचा वेग वाढवीत असताना. नवशिक्याला तो पुन्हा, स्वतःच्या कानांनी लागतो. आंदोलन आणि नादगुण या दोन वेगळ्या वस्तू नसून एकाच वस्तूच्या दोन गती आहेत, हे ज्ञान पुस्तकातून मिळणे वेगळे आणि एका मुठीच्या फेऱ्यात मिळणे वेगळे. लोंबणारी तार येथे सार्थ ठरते, कारण ती कार्यकारणाची रेघ डोळ्यांपुढे धरते.

येथवर या माध्यमाची बाजू निर्दोष आहे. अडचण सुरू होते ती नवशिक्याच्या दुसऱ्या शोधापासून : पॅच आपणहून वाजू शकतो!

या प्रकारातला सर्वांत परिचित अभ्यास म्हणजे ‘क्रेल’ पॅच. बुक्लाच्या यंत्रावर तो वाजवून दाखवणारे टॉड बार्टन यांच्यामुळे तो सर्वतोमुखी झाला. नाव आले आहे ते ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या 1956 च्या चित्रपटातील क्रेल नावाच्या लुप्त लोकांवरून. त्या चित्रपटाचे विद्युत्-ध्वनी लुई आणि बीबी बॅरन या दांपत्याने घडविले होते. पॅचची योजना मोठी चतुर आहे. एक यादृच्छिक मूल्य स्वराची उंची ठरविते. दुसरे त्या स्वराच्या उदयाला आणि विलयाला किती वेळ लागावा हे ठरविते. विलय संपताच एक स्पंद निघतो आणि तोच नव्या मूल्यांना व नव्या स्वराला जन्म देतो. कोणी हात लावला नाही तरी हे चक्र अखंड चालते. रॅकमध्ये ते उभारावयास सात-आठ घटक पुरतात, आणि प्रथम ते चालू होते तेव्हा ऐकणारा थक्क होतो यात नवल नाही.

तथापि विस्मय म्हणजे सौंदर्य नव्हे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे मानली. ती या पॅचला लावून पाहण्यासारखी आहेत. संवाद येथे आहे : सर्व स्वरांचा नादगुण एक, त्यांच्या जन्माचे कारणही एक. विरोधही आहे, आणि तो विपुल आहे : दीर्घाशेजारी ऱ्हस्व, उंचाशेजारी खोल. समतोल मात्र नाही, आणि तो असू शकत नाही. कारण समतोलाला स्मृती लागते. या पॅचमधील कोणताही स्वर आपल्या आधीच्या स्वराविषयी काहीच जाणत नाही. तीन मिनिटांनी थांबविला काय आणि तीस मिनिटांनी थांबविला काय, त्याचे काहीही अपुरे राहत नाही; आणि ज्याचे काहीच अपुरे राहू शकत नाही त्याला पुरे झालेले तरी कसे म्हणावे?

यावर असे म्हटले जाईल की सबॉटनिक यांनीही बुक्लाच्या यंत्रावर आपणहून चालणाऱ्या योजनांचा उपयोग केला होता. केला होता हे खरे. परंतु त्यांची 1967 ची ‘सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून’ ही कृती ध्वनिमुद्रिकेच्या दोन बाजूंसाठी, त्या मर्यादेचे भान ठेवून रचलेली आहे. यंत्राने पुरविले ते द्रव्य. निवड, क्रम आणि शेवट संगीतकाराचे. नवशिक्यांच्या अनेक पॅचमध्ये नेमका हाच भाग गाळलेला असतो. यंत्रालाच थोडी स्मृती देण्याचा मार्गही आहे. टॉम व्हिटवेल यांच्या ‘ट्युरिंग मशीन’ या मॉड्यूलमध्ये सोळा खुणांची एक फिरती रांग असते आणि एका मुठीने ती किती बदलावी हे ठरविता येते : एका टोकाला रांग जशीच्या तशी पुनःपुन्हा येते, मध्यावर ती सर्वस्वी अनिश्चित असते. त्या दोहोंच्या मधली जागा हाताने शोधावी लागते, म्हणजे ऐकावे लागते. या तत्त्वावरची मॉड्यूले रॅकमध्येही आहेत, आणि क्रेल पॅचपेक्षा नवशिक्याचा अधिक वेळ त्यांच्यापाशी जाणे इष्ट होय.

या साधकांच्या परस्परव्यवहारात एक गोष्ट मात्र मनापासून प्रशंसनीय आहे. ते एकमेकांना केवळ नाद ऐकवीत नाहीत, पॅच देतात. पॅचच्या फाइलीत सामान्यतः ध्वनी साठवलेला नसतो. कोणता घटक, कोणती मूठ किती फिरवलेली, कोणती तार कोठून कोठे, एवढेच असते. घेणारा ती उघडतो, एकेक तार काढून पाहतो आणि काय बिघडते त्यावरून ती कशासाठी होती हे जाणतो. पाठ तपासण्याचीच ही रीत आहे. हे औदार्य घटकांच्या निर्मात्यांपर्यंतही पोचलेले आहे : एमिली जिये यांनी आपल्या ‘म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स’ची घडण सर्वांना खुली ठेवल्यामुळे ती मॉड्यूले रॅकमध्ये निराळ्या नावांनी आली, आणि 2022 मध्ये तो व्यवसाय बंद झाल्यावरही नवशिक्यांच्या हाती राहिली.

याचे मोल कळण्यासाठी अहमदाबादचे उदाहरण पुरेसे आहे. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी मूगचे मॉड्युलर यंत्र बसविले. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केले. त्या कामाच्या ध्वनिफिती दीर्घकाळ कोणाच्या ऐकण्यात नव्हत्या. पॉल पर्गस यांच्या संशोधनामुळे 1969 ते 1972 मधील निवडक ध्वनिमुद्रणे 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. ती ऐकताना शेवट कोठे करावा हे जाणणारा कान जागोजागी भेटतो. परंतु ऐकलेल्या नादावरून तारांची जुळणी निश्चितपणे सांगता येत नाही, कारण एकच नाद अनेक जुळण्यांतून निघू शकतो. त्यामुळे त्या ध्वनिफितींपाशी बसून शिकू पाहणाऱ्याला अर्धाच पाठ मिळतो.

रॅकच्या नवशिक्याला मिळतो तोही अर्धाच, पण दुसरा अर्धा. यादृच्छिक मूल्यांवर चालणारा पॅच दर वेळी निराळा वाजतो. तेव्हा दोन वाचकांनी एकाच पॅचविषयी मत दिले तरी ते एकाच कृतीविषयी असेल असे नाही. काही साधक पॅचबरोबर आपण निवडलेले ध्वनिमुद्रणही जोडतात, क्वचित ते कोठे आणि का थांबविले याचे दोन शब्दही लिहितात. समीक्षकाने विचारासाठी प्रथम घ्याव्यात अशा रचना याच होत.