मानभाव कुणाला म्हणायचं?

शाळेत म्हणींच्या यादीत ही हमखास असायची: ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’. अर्थ लिहिला की गुण मिळायचे: बोलणं गोड, वागणं क्रूर. यातला मानभाव म्हणजे कोण, हे ना कुणी विचारायचं ना कुणी सांगायचं. मानभाव म्हणजे महानुभाव. सातशेहून जास्त वर्षं टिकलेला, आजही नांदता असलेला एक पंथ. त्याच्या अनुयायांसाठी सातारा जिल्ह्यातलं फलटण ही दक्षिण काशी आहे. मराठीनं या पंथाचं नाव उचललं आणि त्याचं ‘ढोंगी’ या अर्थाचं विशेषण केलं. आपण आजही कुणाला तरी ‘मानभावीपणा करू नकोस’ म्हणतो, आणि आपण कुणाच्या तरी श्रद्धेचं नाव शिवी म्हणून वापरतोय हे लक्षातही येत नाही. (कसाब ही तर वेगळीच जात. एका म्हणीत दोन समाजांचा हिशेब चुकता केलाय.)

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे ‘कल्ट’ हा शब्द. आपल्या बोलण्यात तो दोन तोंडांनी येतो. सिनेमाला लावला की कौतुक, माणसांच्या घोळक्याला लावला की संशय. २०१८ साली ‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’ आली आणि ओशोंच्या ओरेगॉनमधल्या वसाहतीची गोष्ट फोनवर पोचली. १९८४ साली तिथल्या काही अनुयायांनी हॉटेलांच्या सॅलड बारमध्ये जंतू मिसळले आणि ७५१ माणसं आजारी पडली. तेव्हापासून प्रत्येक बाबा, प्रत्येक बैठक, प्रत्येक प्रेरणादायी वक्ता आपल्याला कल्ट वाटू लागलाय. सोबत एक विनोदही फिरतो: कल्टमध्ये वरच्या माणसाला माहीत असतं की हे सगळं थोतांड आहे, धर्मात तो माणूस मेलेला असतो. हसू येतं, आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो.

मराठीत कल्टला नेमका शब्द नाही असं म्हणतात. पंथ आणि संप्रदाय हे आदराचे शब्द. बुवाबाजी हा शब्द बुवाबद्दल बोलतो, त्याच्यामागे चालणाऱ्यांबद्दल नाही. पण मला वाटतं, आपल्याकडे असा शब्द होता. तो मानभाव होता.

आजच्या रीलमधली ‘कल्ट ओळखा’ छाप यादी चौदाव्या शतकातल्या महानुभावांना लावून बघा. संस्थापक चक्रधरस्वामी हे साक्षात ईश्वराचा अवतार. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, फलटणला जन्मलेले चक्रपाणी, ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू आणि चक्रधर हे पाच कृष्ण सोडून इतर देवांना भजायचं नाही. संन्यास घेतला की गाव, घर, नातलग सुटले. स्वतःची वेगळी परिभाषा. आणि ग्रंथ लिहायचे ते सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत, म्हणजे बाहेरच्याच्या हाती पोथी लागली तरी तिचा उपयोग शून्य. यादीतल्या सगळ्या चौकोनांत टिकमार्क.

आता तो विनोद लावून बघा. चक्रधर तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातून निघून गेले. पंथाच्या श्रद्धेनुसार ते उत्तरेकडे गेले. म्हणजे ‘वरचा माणूस’ सुरुवातीलाच नाहीसा झाला. मग पंथ मोकळा व्हायला हवा होता. झालं उलट. चक्रधर लोकांत फिरत, लोकांच्या मराठीत बोलत. त्यांच्यामागे पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनीही संस्कृतात विचारणाऱ्या विद्वान शिष्यांना मराठीतच बोलायला लावलं, कारण संस्कृतात गेलं की त्यांच्या म्हाताऱ्या बायकांना काही कळलं नसतं. कुलूपबंद लिप्या आल्या त्या नंतरच्या पिढ्यांत. काळ गेला की कल्टचा धर्म होतो, हे सूत्र पहिल्याच उदाहरणावर आपटतं. इथे काळ गेला आणि दार बंद झालं.

त्या दाराआड काय होतं? म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’, १२७८च्या सुमाराचं, मराठीतल्या अगदी पहिल्या गद्यग्रंथांपैकी एक. पंथाबाहेरच्या मराठी वाचकांना ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत वाचताच आलं नाही. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी थोडं तरी वाचाच, कारण ते देवचरित्राच्या साच्यात बसत नाही. म्हाइंभट शिष्यांकडे जाऊन आठवणी गोळा करतात. आठवणी जुळल्या नाहीत की दुसऱ्याची वेगळी आठवणही नोंदवून ठेवतात. स्वामी काय जेवले, कुठे झोपले, कुणावर रागावले, हेही त्यात आहे. शिष्य एकमेकांशी भांडतात, हेवेदावे करतात. आणि महदाइसा प्रश्न विचारते. पुन्हा विचारते. तिच्या या विचारत राहण्याचं स्वामींना कौतुक आहे. बाईच्या विटाळाचा प्रश्न निघतो तेव्हा स्वामी तो शरीराचाच एक स्राव मानतात आणि विटाळ झटकून टाकतात.

माझ्या मते कसोटीचा दगड इथे आहे. गुरूला देव मानलं का, हा प्रश्न फार पुढे नेत नाही. मराठी मुलखात निम्म्या घरांत ते मानलं जातं. त्या गटानं स्वतःबद्दल जे लिहून ठेवलं, त्यात शिष्याची शंका उरली आहे का, ते बघावं. ज्या चरित्रात शिष्य फक्त रडतात, पाया पडतात आणि बरे होतात, ते मिटून मी बाजूला ठेवतो.

मग शेजाऱ्यांना मानभाव का खुपले? जात न पाहता दीक्षा, बायकांना संन्यास, गावदेवाला नमस्कार नाही, व्रतवैकल्यांना नकार. गावगाड्यात ज्यांचं पोट आणि मान या गोष्टींवर होता, त्यांना हे लोक गोडबोले आणि धोकादायक वाटणारच. लिपी गुप्त, म्हणजे आत काहीतरी काळंबेरं. लपवल्यामुळे अफवा, अफवांमुळे आणखी लपवणं. लिपीनं पोथ्या जपल्या हे खरं, पण पंथाची सगळ्यात मोठी साक्षही तिनंच शतकानुशतकं कोंडून ठेवली. आणि दार उघडल्यावरही सगळं गोड झालं नाही. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली ‘लीळाचरित्रा’ची प्रत १९७८ साली राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळानं काढली, तेव्हा त्यातल्या काही लीळांवर पंथातूनच आक्षेप आले. ज्या ग्रंथात वेगवेगळ्या आठवणी शेजारी शेजारी नांदतात, त्याच ग्रंथातल्या काही आठवणी नकोत असं म्हणणं मला पटत नाही. इतका जुना, मान्यता पावलेला पंथही एखाद्या दिवशी कल्टसारखा वागू शकतो.

सांगलीकडे यायचं तर जत तालुक्यातलं उमदी. इथल्या भाऊसाहेब महाराजांपासून इंचगेरी संप्रदायाची परंपरा वाढली. नाम गुरूकडूनच घ्यायचं, जिवंत गुरू हवाच. यादीनुसार पुन्हा टिकमार्क. पण याच परंपरेची एक फांदी गुरुदेव रानडे यांच्याकडे, म्हणजे अलाहाबाद विद्यापीठातल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाकडे गेली आणि दुसरी सिद्धरामेश्वर महाराजांमार्फत मुंबईत खेतवाडीला राहणाऱ्या, विड्यांचं दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांकडे. निसर्गदत्तांच्या माळ्यावरच्या खोलीत देशोदेशीची माणसं येत, वाद घालत आणि निघून जात. निघून जाता येणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

या सगळ्यात साताऱ्याच्या माणसानं वेगळी वाट काढली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. देवाधर्माला विरोध नाही, त्यांच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे, ही त्यांची भूमिका. ते ज्यासाठी वर्षानुवर्षं झगडले तो कायदा २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावरच, आधी वटहुकूम म्हणून आणि मग डिसेंबरमध्ये विधिमंडळात, आला. त्याची अनुसूची वाचा. कोणता पंथ खरा नि कोणता खोटा, याच्या फंदात ती पडत नाही. ती कृत्यं मोजते: भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या नावानं फसवणूक, दैवी शक्तीचा दावा करून लैंगिक शोषण, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं. म्हणीतली ‘बोलणी’ सोडून कायद्यानं फक्त ‘करणी’ धरली आहे, दोन्ही अर्थांनी.

पण याच कायद्याचं कलम १२ बघा, काय काय चालेल ते सांगणारं. कीर्तन, प्रवचन, यात्रा, प्रदक्षिणा चालेल. दिवंगत संतांचे चमत्कार सांगणं, त्यांचा प्रचार करणंही चालेल. शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होत नाही ना, ही अट येते ती धर्मोपदेशकांच्या चमत्कारांच्या साहित्याला. म्हणजे आपला व्हॉट्सॲप विनोद सरकारी भाषेत छापून आलाय: वरचा माणूस मेलेला असला की चालतं. तडजोडीशिवाय हा कायदा झालाच नसता हे मला मान्य आहे. तरी ते वाक्य खटकतं, कारण मेलेल्या संताच्या नावावर दुकान चालवणारे जिवंतच असतात.

जून २०२२. मिरज तालुक्यातलं म्हैसाळ. एकाच कुटुंबातली नऊ माणसं दोन घरांत मृतावस्थेत सापडली. आधी सगळ्यांनी धरलं, कर्जापायी आत्महत्या. मग पोलिसांनी आरोप ठेवला की गुप्तधन काढून देतो म्हणणाऱ्या मांत्रिकानं त्यांना विष दिलं. तिथे ना पंथ होता, ना ग्रंथ, ना मठ, ना वेगळे कपडे. कल्टची कोणतीही यादी म्हैसाळच्या त्या घराच्या दारापर्यंत पोचली नसती. अनुसूची पोचते.

म्हणींच्या यादीत मात्र अजून मानभावच आहे. निदान पुढच्या वेळी कुणी ती म्हण मुलांकडून पाठ करून घेईल तेव्हा एवढं सांगावं: मानभाव म्हणजे महानुभाव, आणि फलटण इथून फार लांब नाही.