गिरणगावचे कलापथक आणि कोकणी श्रोता

लाल बावटा कलापथकाचा इतिहास मराठी समीक्षेत प्रायः शाहिरांच्या चरित्रांतून मांडला जातो. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये ते उभारले. या मांडणीत लालबाग-परळची कामगारवस्ती मात्र केवळ पार्श्वभूमी ठरते. वस्तुतः कलापथकाचा रूपबंध आणि वस्तीची घडण हे प्रश्न परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत.

वाटेगावचे अण्णा भाऊ आणि बार्शीचे अमर शेख यांच्यामागे देशावरची परंपरा होती : तमाशा, पोवाडा, छक्कड. अण्णा भाऊंनी गणातील गणेशस्तवनाच्या जागी मातृभूमी व हुतात्मे यांना वंदन आणले, गवळण वगळली आणि ‘अकलेची गोष्ट’सारख्या वगांत शोषणाचा प्रश्न उभा केला. परंतु गिरणीकामगारांत कोकणातून आलेल्यांचा वाटा मोठा होता. नांदगाव-कणकवलीकडच्या चाकरमान्याचे नाटक म्हणजे दशावतार. त्याचे प्रयोग मुंबईतही होत. तरी कलापथकात त्याला तमाशाचे स्थान लाभले नाही.

याचे कारण धार्मिकता हे म्हणावे, तर गणही मुळात देवाचाच. लवचीकतेचा अभाव म्हणावा, तर दशावतारी नट लिखित संहितेवाचून रंगमंचावरच संवाद रचतो. भेद आहे तो प्रयोगाच्या आश्रयाचा. गणातील देवता बदलली तरी वग उभा राहतो. जत्रेतल्या दशावतारात ग्रामदेवता हीच यजमान असते. गावकरी मंडळाच्या खोलीत राहणाऱ्या कोकणी कामगाराला हे नाटक गावाकडे ओढी. कलापथक त्याला शेजारच्या घाटावरील कामगाराशी जोडू पाही. एकाच श्रोत्याच्या ठायी या दोन निष्ठा नांदत होत्या. म्हणूनच ‘लोकनाट्य’ या संज्ञेतील ‘लोक’ एकजिनसी मानणे धोक्याचे आहे. कलापथकाचे यश श्रोत्यांच्या एकरूपतेत नसून, परक्या रूपबंधातही कोकणी श्रोत्याला आपला प्रश्न ओळखता आला, यात आहे.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि वस्ती पांगली. छापील वग उरले. त्यांना अर्थ देणारा श्रोतृसमूह उरला नाही. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणगावकरांच्या कथनांतून सिद्ध केलेला ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा कथनांना बाजूस सारून केवळ संहितेवर विसंबणारी समीक्षा कलापथकाचे शब्द वाचील. त्याचे कार्य तिच्या हाती लागणार नाही.