आगोटीची यादी

आजीची एक जाड पुठ्ठ्याची वही माझ्याकडे आहे. तिच्यात दुधाचे हिशेब आहेत, कापणीच्या मजुरीचे आकडे आहेत आणि दर वर्षी एक पान आगोटीचं आहे. आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड. मालवण तालुक्यातल्या आमच्या घरात मिरग लागायच्या आत, म्हणजे 7 जूनच्या आत, या पानावरची प्रत्येक ओळ कोठीच्या खोलीत पोचलेली असायची. मी ही पानं अधूनमधून काढून वाचतो. सगळ्यात जास्त वेळा वाचलंय ते 2015चं पान.

पहिली ओळ: ‘मीठ जाडां’. तांदूळ नाही, डाळ नाही, आधी मीठ. या एका क्रमातच घर चालवणारीची नजर कळते. खालच्या निम्म्या ओळी मिठावरच उभ्या आहेत. सोलं मिठाशिवाय होत नाहीत, खारातल्या कैऱ्या होत नाहीत, बांगडे टिकत नाहीत. म्हणून मीठ चैत्रातच घरात यायचं आणि चुलीजवळच्या मडक्यात राहायचं, नाहीतर आषाढात त्याला पाणी सुटतं. पान एका बैठकीत लिहिलेलं नाही, हेही नीट पाहिलं तर दिसतं. मीठ निळ्या शाईत आहे, सोलं पेन्सिलीत, काडेपेट्या पुन्हा शाईत. उन्हाळा जसजसा पुढे सरकला तसतशी यादी खाली उतरत गेली.

दुसरी ओळ सोलांची, आणि खाली लगेच ‘आगळ – 4 बाटले’. इथे मी नेहमी थांबतो, कारण या दोन ओळींमागे सबंध अंगण आहे. मे महिन्यात रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकायचे. ते फोडून बिया आणि गर एका भांड्यात काढायचे, त्यात मीठ घालायचं, सुटलेल्या रसात सालं बुडवायची आणि उन्हात पसरायची. संध्याकाळी उचलून पुन्हा रसात. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. अशी पुटं चढत गेली की लालभडक साल काळं, मऊ, चकचकीत होतं. आजीचे तळहात तेव्हा आठ-आठ दिवस जांभळे असायचे. दुपारी आभाळ जरा भरलं की ती जेवणावरून उठून अंगणात यायची. आम्ही हसलो तर म्हणायची, “पावस काय सांगान येता?” वळवाचा एक शिडकावा झाला तरी बुरशी धरायची आणि वर्षाची कढी जायची. नक्की काय होईल हे कुणालाच ठाऊक नसताना जे करता येतं ते सगळं करायचं, ही तिची रीत त्या प्रश्नात आहे.

सोलांखाली चिंचेचे गोळे, त्याखाली खारातल्या कैऱ्यांची बरणी. आंबट तीनदा का? पोटाला एक पुरलं असतं. पण आजीला जिभेचं गणित माहीत होतं. सोल कढीचं आणि माशांच्या कालवणाचं, चिंच आमटीची, आणि कैरी पेजेच्या ताटलीत, नुसती. सलग दोन महिने बाहेर पाणी कोसळत असतं, भाजी मिळत नाही, समुद्र बंद असतो. अशा वेळी माणूस नुसत्या भुकेने कंटाळत नाही, त्याच त्या चवीने कंटाळतो. यादीतला हा तिहेरी आंबटपणा मला तिची सर्वांत सुंदर जागा वाटते. तिरफळं मात्र यादीत नाहीत. ती गणपतीच्या सुमाराची, गेल्या वर्षीच वाळवून डब्यात बसलेली. न लिहिलेली ओळसुद्धा कोठीत हजर असते.

आता बांगडे. एरवीच्या पानांवर ‘खारे बांगडे 100’ असतं. 2015च्या पानावर 100 खोडून 130 केलेत आणि बाजूला एकच शब्द, ‘धोंडो’. त्या वर्षी अधिक आषाढ होता. एरवी जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला लागणारा श्रावण त्या वर्षी 15 ऑगस्टला लागला. श्रावण लागला की घरात मासळी बंद. म्हणजे धोंड्याच्या वर्षी चुलीच्या निखाऱ्यावर बांगडा भाजायचे दिवस वाढणार, आणि नारळी पौर्णिमाही लांबणार. पंचांग, समुद्र आणि घरातली तोंडं यांचा एवढा हिशेब तिने एका खाडाखोडीत बसवला. जास्तीचे 30, पन्नास नाहीत. उगाच जास्त भरलेलं तिला आवडत नसे. श्रावणात उरलेला बांगडा वासाने घर खातो, असं ती म्हणायची.

पुढच्या ओळी भराभर जातात: कुळथाचं पीठ, मातीत घोळवलेल्या आठळा, कांद्याच्या माळा, सुकी लाकडं, काडेपेट्या.

या सगळ्याला आपण बेगमी म्हणतो. फारसीतून आलेला शब्द, बे-गम, म्हणजे ज्याला चिंता नाही असा. शब्दात धान्य नाही, साठा नाही, फक्त निश्चिंती आहे. शेजारी गोव्यात याच तयारीला पुरुमेंत म्हणतात. तो पोर्तुगीज ‘प्रोविमेंतु’वरून आला, पुरवठा या अर्थाचा. मडगावला पुरुमेंताचं फेस्त भरतं तेव्हा मिरच्या, सोलं, सुकी मासळी, चिंच यांचा रस्त्यावर नुसता दरवळ असतो. तो शब्द सामानाकडे बघतो, आपला शब्द मनाकडे. मला दोन्ही हवेत.

मार्च 2020च्या शेवटी टाळेबंदी लागली तेव्हा मी पुण्यात होतो. दुकानासमोरच्या रांगेत मिळेल ते पिशवीत भरलं. घरी येऊन ओट्यावर मांडलं आणि लक्षात आलं की यात खायला पुष्कळ आहे, पण एकाशी एक काही लागत नाही. त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धनकडे माझी मावशी राहते. कोठीचे पत्रे उडाले, तांदूळ भिजला, वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही, फ्रिजमधलं सगळं टाकावं लागलं. चिनी मातीच्या बरण्या मात्र भिंतीच्या कडेला तशाच उभ्या होत्या, दादरा बांधलेल्या, वर पाचोळा. फोन लागला तेव्हा मावशी म्हणाली, “अरे, कैऱ्या आहेत की. शेजारी पण दिल्यात.”

तिचं ते ‘शेजारी पण’ ऐकून मी आजीची वही काढली. 2015च्या पानाच्या अगदी तळाशी, एक रेघ मारून, तिच्या खाली लिहिलंय: ‘लावणेची माणसां – निराळां’. लावणीला येणाऱ्या बायकांसाठीचं आंबट आणि खारं घरच्या मोजमापात धरलेलं नव्हतं, त्याची बरणीच वेगळी होती. मला ती बरणी आठवते. कडेचा टवका गेलेली, घरातली सगळ्यात मोठी. दुपारी चिखलाचे पाय धुऊन बायका पडवीत बसायच्या, पेजेची वाफ वर यायची. आजी दादरा सोडायची, पळी खारात बुडवायची आणि पहिली कैरी सर्वांत म्हाताऱ्या बाईच्या ओल्या तळहातावर ठेवायची.