मेल्यावर मिळणारा पुरावा : स्वप्नभक्षी हडळीचा खेळ

स्वप्न खाणारा जीव ही कल्पना जुनी आहे. त्या जीवाला फाशांच्या खेळातला शत्रू म्हणून उभे करणे ही मात्र गेल्या पन्नासेक वर्षांतली गोष्ट. लोकसमजुतीतले भूत नियमपुस्तकात शिरते तेव्हा त्याचे काय होते, आणि त्याच्याबरोबर नकळत आणखी काय आत येते, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

ज्या खेळाविषयी मी लिहितो आहे त्याचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्रे काय करतात ते खेळणारे सांगतात, आणि यश-अपयश फाशांवर ठरते. शत्रू कोणते, त्यांच्या शक्ती कोणत्या, याची वेगळी जाडजूड पुस्तके असतात. आपल्याकडे या पुस्तकांना कोणी वाङ्मय मानत नाही. मी ती वाचतो ती एखाद्या भूतविद्येच्या पोथीसारखी. त्यांत एका संस्कृतीची भीती वर्गवारी करून, आकडे लावून मांडलेली असते.

या पोथीतली ‘नाइट हॅग’ १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’पासून हजर आहे. मराठीत तिला रात्रहडळ म्हणू. खेळाच्या पाचव्या आवृत्तीतले, २०१४ च्या पुस्तकातले तिचे नियम असे : ती हवे तेव्हा कोणत्याही सामान्य स्त्रीचे रूप घेते. रात्री ती अदृश्य लोकात जाते आणि तिथून झोपलेल्या माणसाला स्पर्श करते. त्याला भयंकर दृश्ये दिसू लागतात. हे तासभर चालले, की झोपेचा त्याला काही उपयोग होत नाही आणि त्याच्या प्राणगुणांची कमाल मर्यादाच एका दहा-बाजूंच्या फाशाइतकी खाली येते. ती शून्यावर आली की माणूस मरतो, आणि तो दुष्ट असेल तर त्याचा आत्मा हडळीच्या पिशवीत अडकतो.

या नियमाची रचना चांगली आहे, हे आधी मान्य करायला हवे. एरवी या खेळात पात्र कितीही घायाळ झाले तरी आठ तासांच्या विश्रांतीनंतर ठणठणीत होते. झोप हेच खेळातले सर्वांत स्वस्त औषध. हडळ नेमका त्या औषधावर हात टाकते. तलवारीची जखम भरते, पण हिने खाल्लेले आयुष्य झोपून परत येत नाही. त्यासाठी वरच्या दर्जाचा मंत्र लागतो आणि तो पुरोहित-पात्राला नवव्या पातळीला मिळतो. पुस्तकाने हडळीची काठिण्यपातळी मात्र पाच ठेवली आहे. म्हणजे ज्यांची गाठ तिच्याशी पडणार, त्यांच्यापाशी उतारा नसणार. तिला दूर ठेवणारा साधा रक्षामंत्र फार तर दहा मिनिटे टिकतो आणि रात्र मोठी असते. थकवा, जागरण, अंथरुणाची भीती हे सगळे सूत्रधाराला वर्णन करून सांगावे लागत नाही. हिशेबच ते सांगतो. नियम आणि आशय असे एकजीव झालेले या पुस्तकांत फार वेळा दिसत नाहीत.

आता पूर्वेकडे पाहू. जपानमधला स्वप्नभक्षी म्हणजे ‘बाकू’. त्याचे मूळ चीनमधल्या ‘मो’ या प्राण्यात आहे. तांग काळातला कवी बाय ज्युई (७७२–८४६) याला डोकेदुखीचा विकार होता. उशाशी ठेवायच्या पडद्यावर त्याने ‘मो’चे चित्र काढून घेतले आणि त्यावर लिहिले. हत्तीची सोंड, गेंड्याचे डोळे, बैलाचे शेपूट, वाघाचे पंजे असे त्याचे रूप, आणि त्याचे चित्र अरिष्ट टाळते ही श्रद्धा. स्वप्ने खाण्याचा तिथे उल्लेख नाही. ते काम उत्तर हान काळातल्या भूत हाकलण्याच्या विधीत बारा दैवतांपैकी ‘बोछी’ नावाच्या दैवताकडे होते. जपानमध्ये हे काम बाकूकडे आलेले दिसते. नववर्षाच्या सुमारास उशाखाली ठेवायच्या खजिन्याच्या जहाजाच्या चित्रात शिडावर बाकूचे अक्षर लिहीत. लाफकादिओ हर्नच्या ‘कोत्तो’ (१९०२) या पुस्तकात बाकूवर एक प्रकरण आहे. वाईट स्वप्नातून जागे झालेल्याने बाकूला तीनदा हाक मारून ते स्वप्न खायला सांगायचे, अशी रीत त्यात येते.

म्हणजे बाकू राखणदार आहे. त्याला खेळात शत्रू करायचे तर काहीतरी उलटे करावे लागते. १९९६ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘पोकेमॉन’च्या पहिल्या खेळात ‘ड्राउझी’ हा टेपिरसारखा जीव आहे. टेपिरलाही जपानीत बाकूच म्हणतात. ड्राउझी समोरच्याला झोपवतो आणि मग त्याची स्वप्ने खातो. ‘स्वप्नभक्षण’ ही चाल झोपलेल्या प्रतिस्पर्ध्यावरच चालते, आणि जितकी इजा होते तिच्या निम्मी ताकद खाणाऱ्याला मिळते. गंमत अशी, की वाईट स्वप्ने खाऊन हा जीव कधीकधी आजारी पडतो. जे बाकूचे अन्न, ते याला बाधते. ‘किंग्डम हार्ट्स’च्या २०१२ च्या भागात हा पेच सरळ दोन तुकडे करून सोडवला आहे : दुःस्वप्ने खाणारे मित्र वेगळे, चांगली स्वप्ने खाणारे शत्रू वेगळे.

या दोन परंपरांत खरा फरक कुठे आहे? माझ्या मते तो सोंडेत किंवा शिंगांत नाही. तो दुःस्वप्न कोठून येते या समजुतीत आहे. बाकूच्या कल्पनेत वाईट स्वप्न नुसते पडते. ते कोणी पाठवलेले नसते, म्हणून कोणाला दोष द्यावा लागत नाही. ते खाऊन टाकणारा कोणी असला की झाले. हडळीच्या कल्पनेत दुःस्वप्नाला पाठवणारी असते. ती असते म्हणजे ती कुठेतरी राहते. आणि तिला रूप पालटता येते म्हणजे ती शेजारीण असू शकते. जपानमध्ये असे आरोप नव्हतेच असे मात्र कोणी समजू नये. कोल्हे पाळून ते दुसऱ्यांच्या अंगात सोडणारी म्हणून ठरवलेली घराणी तिथे होती आणि त्यांच्याशी सोयरीक टाळली जाई. बाकू त्या व्यवहारात नव्हता, एवढेच.

छातीवर येऊन बसणाऱ्या रात्रीच्या म्हातारीचा अनुभव कल्पित नाही. जाग आलेली असते पण अंग हलत नाही, छातीवर दाब येतो, खोलीत कोणीतरी असल्याचे जाणवते. वैद्यक याला निद्रापक्षाघात म्हणते. न्यूफाउंडलंडमधील लोक याच अनुभवाला ‘ओल्ड हॅग’ म्हणतात. डेव्हिड हफर्ड या अभ्यासकाचे १९८२ चे पुस्तक त्यावर आहे. अनुभव खरा, प्रश्न त्याला नाव कोणाचे द्यायचे हा.

१६९२ मध्ये सेलम इथे ते नाव ब्रिजेट बिशप या स्त्रीचे दिले गेले. रात्री जाग आली तेव्हा ती आपल्या अंगावर बसलेली होती, अशी साक्ष एका पुरुषाने कोर्टात दिली. १० जून रोजी तिला फाशी झाली. त्या खटल्यांतली ती पहिली. वाद पेटला तो रूपांतरावरच : सैतान निरपराध माणसाचे रूप घेऊ शकतो का? घेऊ शकत असेल, तर दिसलेल्या रूपावरून कोणाला दोषी कसे ठरवायचे? इन्क्रीज मॅदर या धर्मोपदेशकाने त्याच वर्षी अशा पुराव्याविरुद्ध लिहिले आणि ऑक्टोबरात ते विशेष न्यायालय बंद झाले. तोवर एकोणीस जण फासावर गेले होते आणि एकाचा दगडांखाली चिरडून जीव घेतला गेला होता.

आता पुन्हा नियमपुस्तक उघडू. रात्रहडळीच्या रूपांतराच्या नियमात शेवटी एक छोटे वाक्य आहे. त्याचा आशय असा, की ती मेली की मूळ रूपात येते. खेळाच्या दृष्टीने ही सोय आहे. सेलमची आठवण ठेवून वाचले तर ते वाक्य अंगावर येते. म्हातारीचा संशय आला तर मारा. मारल्यावर पुरावा आपोआप समोर पडेल. ज्या प्रश्नावर खटले थांबले, तो प्रश्नच इथे नियमाने मिटवून टाकला आहे. शिवाय ती रूप घेते ते फक्त स्त्रीचेच, म्हणजे संशयाची दिशाही आधीच ठरलेली.

अमेरिकेतल्या खेळणाऱ्याला हा तीनशे वर्षांपूर्वीचा इतिहास वाटेल. मराठी वाचकाला तशी सवड नाही. सातपुड्यात, नंदुरबारच्या बाजूला, ‘डाकीण’ ठरवून बायकांचा छळ झाल्याच्या घटना आपल्या काळातल्या आहेत. कोणी करणी करते असे जाहीर करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, आणि तो कायदा यावा म्हणून झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला हत्या झाली.

म्हणून खेळावर बंदी घाला, असे मी म्हणत नाही. खेळणाऱ्या मुलांना खरे-खोटे कळते. ती डाकीण शोधायला बाहेर पडत नाहीत. माझे म्हणणे कारागिरीविषयी आहे. झोपेवर घाला घालणारा नियम ज्यांना इतका नेमका सुचला, त्यांनी आरोपाचा नियम मात्र फुकट वाटला. ती शेवटची सोय काढून टाकली तर काय होईल पाहा. म्हातारी मेली आणि म्हातारीच राहिली. पात्रांना कळणार नाही आपण काय केले. दुसऱ्या रात्री कोणाला तरी पुन्हा भयंकर दृश्ये दिसतील. सूत्रधाराला खरे माहीत असेल, पण तो बोलणार नाही. मग टेबलाभोवतीचे चार जण पुढच्या दाराशी जाताना थांबतील, आधी विचारतील, रात्रभर पहारा देतील, बाकूला हाक मारण्यासारखा दुसरा काही उपाय शोधतील. त्या थांबण्यात खेळ संपत नाही. माझ्या मते तिथे तो सुरू होतो.